राहण्याची सोय

गेल्या महिन्यात आमच्याकडे इंटर्नच्या मुलाखती झाल्या. मीटिंग रूममधला एसी इतका कडक, की समोर बसलेली मुलं घाबरून थरथरताहेत की थंडीने, हे कळायला मार्ग नव्हता. प्रश्न ठरलेले होते आणि उत्तरंही. पत्रकारितेत का यायचंय? समाजासाठी काहीतरी करायचंय. अलीकडे कोणती बातमी आवडली? मग हटकून आमच्याच पेपरातली एखादी. एकीने तर थेट संपादकांच्या अग्रलेखाचं नाव घेतलं, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. दुपारपर्यंत सगळे चेहरे एकमेकांत मिसळायला लागले होते. मग केडगावची मुलगी आली. दौंड तालुक्यातलं केडगाव. सॅक खाली न ठेवता मांडीवरच घेऊन बसली. उसाच्या थकीत बिलांवर तिने कॉलेजच्या अंकात लिहिलं होतं. बाप कारखान्याच्या गेटवर उभा राहून चिठ्ठ्या कशा जपून ठेवतो, एवढंच त्यात होतं, पण वाक्यं स्वच्छ होती आणि एकही विशेषण फुकट गेलेलं नव्हतं. मी मनातल्या मनात तिला घेऊन टाकलं. शेवटी रीतीप्रमाणे म्हटलं, तुला काही विचारायचंय का?

“ड्युटी किती वाजता सुटते, मॅडम?”

सहकारी हसले. “पेपर सुटला की ड्युटी सुटते,” म्हणाले. हे वाक्य आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, ते म्हणताना छाती थोडी फुगतेच. मुलगी हसली नाही. तिने मोबाइल काढून काहीतरी पाहिलं, अंगठ्याने वर-खाली केलं आणि फोन घाईने परत ठेवला. “चालेल,” ती म्हणाली. “मी अप-डाऊन करीन.” ती गेल्यावर तिचा फॉर्म परत पाहिला. ‘पुण्यात राहण्याची सोय आहे का?’ या ओळीपुढचा चौकोन तिने कोरा सोडला होता. दौंडकडे जाणारी रात्रीची शेवटची डेमू गाडी सुटते तेव्हा आमच्याकडे शहर आवृत्तीचं पहिलं पान अर्धंही लागलेलं नसतं. तिने फोनमध्ये तेच पाहिलं असणार.

त्या कोऱ्या चौकोनाने मला रात्रभर झोपू दिलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. झोप चांगली लागली. पण दुसऱ्या दिवशी रानडे इन्स्टिट्यूटमधल्या, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागातल्या, एका कार्यक्रमात मला ‘पत्रकारितेत संधी कशी मिळवावी’ यावर बोलायचं होतं. गेली काही वर्षं मी तिथे जे बोलते तेच बोलायला उभी राहिले. वाचन करा, चिकाटी ठेवा, कोणतंही काम हलकं समजू नका. समोर पोरं वहीत लिहून घेत होती. बोलता बोलता लक्षात आलं, की मला स्वतःला संधी कशी मिळाली ते मी आजवर कुठल्याच भाषणात सांगितलेलं नाही. त्या गोष्टीत वाचन होतं, चिकाटीही होती, पण शनिवार पेठेतली मावशी होती आणि मावशीची ॲक्टिव्हा होती. त्या दोघींचा उल्लेख करावा असं मला कधी सुचलंच नव्हतं.

तेव्हा मी त्याच इमारतीत शिकत होते. २०१३ सालचा उन्हाळा संपत आला होता. रानडे ज्यांनी पाहिलंय त्यांना ते दगडी जुनेपण, ती झाडं आणि परकीय भाषांच्या वर्गांना आलेल्या मुलांचं जर्मन-फ्रेंच पुटपुटणं माहीत असेल. आम्ही पत्रकारितेवाले त्यांच्याकडे थोड्या तुच्छतेने आणि पुष्कळशा असूयेने बघायचो, कारण त्यांना नोकऱ्या मिळतात अशी अफवा होती. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाचा एकेक पेपर ठरलेला होता, म्हणजे स्वप्नातला. माझा पेपर आमच्या साताऱ्याच्या घरी मी जन्मायच्या आधीपासून येत होता. बाबा जिल्हा बँकेत होते. ते पेपर शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करायचे आणि पहिल्या पानाला पोचेपर्यंत बँकेची वेळ व्हायची, त्यामुळे देशात काय चाललंय ते त्यांना संध्याकाळी कळायचं. सुट्टीत मी जमिनीवर पालथी पडून पान पसरायची. कोपराला शाई लागायची. आई ओरडायची, की फरशी काळी होते. तिथे नोकरी करणारी माणसं खरीखुरी असतात, त्यांना भूक लागते, सर्दी होते, हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं शिरलंच नव्हतं.

इंटर्नशिपसाठी लेखी परीक्षा होती. वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी मराठीत करायची, एका लांबलचक प्रेसनोटची शंभर शब्दांत बातमी करायची, पाच मथळे द्यायचे. मग तोंडी. तोंडी परीक्षेत मुख्य उपसंपादकांनी माझा कागद बाजूला ठेवून विचारलं होतं, “कुठे राहतेस?” “शनिवार पेठेत, मावशीकडे.” “रात्री जाणार कशी?” “मावशीची ॲक्टिव्हा आहे.” “मग ठीक,” ते म्हणाले आणि पुढच्या मुलाला बोलवायला सांगितलं. मला तेव्हा वाटलं, माझे मथळे आवडले. आवडलेही असतील. पण त्या खोलीत माझ्याबद्दलचा एकच निर्णय माझ्यासमोर मोठ्याने उच्चारला गेला आणि तो ॲक्टिव्हाविषयी होता.

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर होतो. मी किंचाळले, असं सगळे सांगतात. माझ्याबरोबर आमच्या वर्गातला आणखी एक जण निवडला गेला होता, केजचा. बीड जिल्ह्यातलं केज. खरं सांगायचं तर यादीत त्याचं नाव वर होतं आणि ते बरोबरच होतं. तो बारावीपासून एका दैनिकाला तालुक्यातून बातम्या पाठवत होता. पंचनामा म्हणजे काय, तलाठ्याच्या दप्तरात काय असतं, पाण्याच्या टँकरच्या खेपा कशा मोजायच्या आणि कागदावर कशा वाढवतात, हे त्याला ठाऊक होतं. त्या वर्षी मराठवाडा दुष्काळाने भाजून निघालेला. आम्ही वर्गात दुष्काळावर फीचर लिहायचो, तो घरी फोन करून टँकर आला का विचारायचा. आम्हाला शिकवायला येणारे बाहेरचे पत्रकारसुद्धा त्याची कॉपी वाचून जरा सरळ बसत. त्याने फोनवर आनंदाने “थँक्यू सर” म्हटलं आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, “मानधन किती राहील, सर?” पलीकडून काय उत्तर आलं ते त्याच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळलं. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “अनुभव देणारेत.”

मग टपरीच्या फळकुटावर बसून त्याने हिशोब मांडला. सुट्टीत हॉस्टेल सोडावं लागणार. कॉट बेसिसवर जागा घ्यायची म्हणजे आधी डिपॉझिट. मेस. रात्री उशिरा सुटल्यावर रिक्षा, कारण तोवर पीएमटी बंद. आकडे मोठे नव्हते. आमच्यापैकी कुणी घरी फोन केला असता तर आठवड्यात आले असते, इतकेच होते. त्याच्या घरी फोन केला तर पलीकडे पाण्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, आपण काहीतरी करू. हे वाक्य फार सोपं असतं. त्याने वही मिटली, चहाचे पैसे सगळ्यांचे त्यानेच दिले आणि चार दिवसांनी स्वारगेटहून गाडी पकडली. त्याच्या जागेवर यादीतला पुढचा मुलगा आला, कोथरूडचा. चांगला होता तोही.

मी मात्र स्वप्नात होते आणि स्वप्न अगदी ठरल्यासारखं सुरू झालं नाही. पहिल्या दिवशी मला कुणी नावही विचारलं नाही. एक संगणक दाखवला, त्याच्या कळांवरची अक्षरं झिजून गेलेली. श्रीलिपीचा कीबोर्ड मला येत नव्हता, मला इनस्क्रिप्ट येत होतं. शेजारच्या काकांनी, म्हणजे ते उपसंपादक होते पण मी मनात काकाच म्हणायचे, एक पिवळा पडलेला कागद काढून दिला आणि म्हणाले, “पाठ कर.” कल्पनेतल्या न्यूजरूममध्ये फोन खणखणत असतात, लोक धावत असतात. इथे संध्याकाळी पाचपर्यंत पंख्याचा आवाज ऐकू येई. छपाई तर कधीच शहराबाहेर हलवलेली, त्यामुळे ज्या शाईच्या वासासाठी मी इतकी वर्षं झुरले होते तो त्या इमारतीत नव्हताच. पाऊस सुरू झाल्यावर वास आला तो ओल्या रेनकोटांचा. खुर्च्यांच्या पाठींवर ते वाळत पडलेले असायचे आणि त्यातून डांबरगोळ्या, पेट्रोल आणि वडापाव यांचा एक मिश्र दर्प सगळ्या डेस्कवर पसरायचा. तो वास आला की मला अजूनही उगाच शुद्धलेखन तपासावंसं वाटतं.

माझं काम होतं ‘आजचे कार्यक्रम’, निधनवार्ता आणि धरणांची चौकट. कार्यक्रमांच्या कार्यकर्त्यांचे फोन येत, “मॅडम, आमच्या अध्यक्षांचं नाव राहिलं.” निधनवार्तेत नावं राहून चालत नसे. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलं, की बोटं आपोआप जायची. पण फोनवर माहिती देणारा माणूस मध्येच थांबायचा, तेव्हा आपणही थांबायचं असतं, हे काकांनी शिकवलं. “घाई करू नकोस. पान थांबेल,” ते म्हणत. एरवी एका मिनिटासाठी आकाशपाताळ एक करणारा माणूस. धरणांची चौकट मला सर्वांत आवडायची. संध्याकाळी पाटबंधारे खात्यात फोन करायचा आणि टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या क्रमाने आकडे उतरवून घ्यायचे. चारही मिळून पूर्ण भरली की २९.१५ टीएमसी. पानशेतचे १०.६५ आणि वरसगावचे १२.८२ मला आजही झोपेत विचारलं तरी सांगता येतील. खडकवासला त्या मानाने एवढंसं, जेमतेम १.९७, पण मुठेत पाणी तिथून सोडतात म्हणून रुबाब त्याचा. जुलैत आकडा रोज चढत जायचा. लोक अग्रलेख वाचोत न वाचोत, ही चौकट वाचतात. मावशीच्या सोसायटीतल्या आजोबांनी मला एकदा जिन्यात अडवून विचारलं, “काल पानशेत अर्ध्याने वाढलं ते पॉइंट पाच की नुसतं पाच?” माझ्या पहिल्या वाचकाशी झालेला तो माझा पहिला संवाद.

पहिली स्वतःची बातमी चार ओळींची होती, एका उद्यानातल्या बंद दिव्यांची. वर ‘प्रतिनिधी’ एवढंच. मी साताऱ्याला फोन केला. बाबांनी पेपर शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत शोधला आणि रात्री फोनवर म्हणाले, “आमच्या आवृत्तीत नाहीच ते.” पुणे शहराचं पान साताऱ्याला जात नाही, हे तिथे काम करूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग त्यांनी बँकेतल्या कुणाला तरी पुण्याहून येताना अंक आणायला सांगितला. तो दोन दिवस उशिरा पोचला. बातमी वाचून त्यांचा प्रश्न होता, “यात प्रतिनिधी लिहिलंय. ही तूच कशावरून?” मी काय पुरावा देणार? बाबांना शंका नव्हती, त्यांना फक्त बँकेत दाखवायला काहीतरी हवं होतं.

रात्री पान सुटलं की आम्ही चहाला खाली जायचो. तिथे त्या वर्षी एकच विषय, मजिठिया. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या या वेतन मंडळाच्या शिफारशी केंद्राने नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित केल्या होत्या, मालक सुप्रीम कोर्टात गेले होते आणि निकाल यायचा होता. तो पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये पत्रकारांच्या बाजूने आला. पण त्या पावसाळ्यात सगळं हवेत होतं. कुणाला किती फरक मिळेल, कुणाच्या कर्जाचे किती हप्ते फिटतील, यावर उभ्या उभ्या आकडेमोड व्हायची. मी कागदी कप धरून ऐकायची. त्या हिशोबात मी कुठेच नव्हते आणि नाही याचं मला काहीच वाटत नव्हतं. मावशी डब्यात रोज दोन पोळ्या जास्तीच्या ठेवायची. पेट्रोलला पैसे मागितले तर रागवायची, “माझ्या गाडीत मी घालीन.” फुकट काम करायला जो मोकळेपणा लागतो तो माझ्याकडे आयता होता, आणि आयत्या गोष्टी दिसत नाहीत.

मग २० ऑगस्ट आला. मंगळवार. मावशी दूध घेऊन वर आली ती दारातच म्हणाली, “पुलावर कुणालातरी गोळ्या घातल्यात.” ओंकारेश्वराजवळचा शिंदे पूल मावशीच्या घरापासून चालत काही मिनिटांवर. मी चपला घालून निघाले ते इंटर्न म्हणून नव्हे, शेजारी म्हणून. पुलाच्या तोंडाशी माणसं जमलेली. कुणी काही बोलत नव्हतं, जे बोलत होते ते फोनवर. जखमीला ससूनला नेलं होतं. पोलिस लोकांना मागे सारत होते. मी मुख्य बातमीदारांना फोन लावला, ते लांब राहायचे. “तू कुठे आहेस?” “पुलावर.” एक क्षण काहीच नाही. मग, “हलू नकोस तिथून. दिसेल ते लिही. ऐकलेलं लिहू नकोस.” वही नव्हती. दूधवाल्याच्या कार्डाच्या मागे लिहिलं. थोड्या वेळाने गर्दीतून नाव आलं, आधी प्रश्नासारखं आणि मग हळूहळू प्रश्नचिन्ह गळून पडलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर.

बाबांचा फोन आला. “आपले डॉक्टर?” एवढंच विचारलं त्यांनी.

साताऱ्यात ते आमचे डॉक्टरच होते, आधी. बाबांनी त्यांची कबड्डी पाहिलेली. भारताच्या संघातून खेळलेला माणूस आपल्या गावचा, हे ते आम्हाला ऐकवायचे, अंधश्रद्धा निर्मूलन वगैरे नंतर. ते संपादक असलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचं ऑफिस मावशीच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आदल्या महिन्यात मी त्यांच्या एका कार्यक्रमाची ओळ ‘आजचे कार्यक्रम’मध्ये टाइप केली होती, स्थळ आणि वेळ. त्या दिवशी मी दुपारपर्यंत पुलावर उभी होते. कोण आलं, कोण बोललं, कोण नुसतं उभं राहिलं, सगळं उतरवलं. संध्याकाळी त्यांना साताऱ्याला नेलं, तिथे बाबा गर्दीत होते. माझ्या टिपणांची पहिल्या पानावर एक लहान चौकट झाली, बिननावाची. रडू आलं नाही. रात्री चौकटीचं प्रूफ वाचताना मला एका क्षणी चक्क बरं वाटलं, वाक्यं चांगली जमली होती म्हणून. त्या बरं वाटण्याचं काय करायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही. धंद्यातल्या जुन्या लोकांना विचारलं तर ते विषय बदलतात, म्हणजे त्यांनाही होत असावं. त्या खुनाचा निकाल यायला मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष. ती बातमी लावताना मी डेस्कवर होते.

काही आठवड्यांनी मला ट्रेनी म्हणून घेतलं. कारण ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि पुढे कितीतरी वर्षं नव्या मुलांना ते सांगितलं जायचं: ही इंटर्न असताना सगळ्यांच्या आधी स्पॉटवर पोचली होती. यात खोटं काही नाही. पोचले होतेच. केजचा मुलगा त्या सकाळी शिवाजीनगरला कॉट बेसिसवर झोपलेला असता, तर तोही अर्ध्या तासात पोचला असता आणि माझ्यापेक्षा नेमकं लिहिलं असतं. असं म्हटलं की लोक म्हणतात, तू उगाच स्वतःला कमी लेखतेस. मी कमी लेखत नाही. माझी वाक्यं बरी होती. पण ती बरी आहेत हे दाखवायला मला पुलाजवळचं घर होतं.

या धंद्यात गरिबीचं कौतुक जुनं आहे. आगरकरांचा एकच सदरा रात्री धुवून सकाळी घालणं आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्यांनी आईला लिहिलेलं पत्रही. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या टेंभूचे ते, म्हणून आमच्याकडे जरा जास्तच. ‘केसरी’चे पहिले संपादक आणि नंतर १८८८ मध्ये स्वतःचा ‘सुधारक’. पण त्या गोष्टीतला एक तपशील आम्ही सहसा वगळतो. अकोल्याला शिकत असताना खर्च भागवायला ते ‘वऱ्हाड समाचार’मध्ये लिहायचे. म्हणजे एकोणिसाव्या शतकात विदर्भातलं एक वर्तमानपत्र एका दरिद्री विद्यार्थ्याच्या शिक्षणाला हातभार लावत होतं. आता दर सहा जानेवारीला पत्रकार दिनी सभागृहात बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालून त्यागावर भाषणं होतात, आणि ती ऐकायला खुर्च्या मांडणारी मुलं अनुभवावर काम करत असतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, लोक तिला ‘लाडका भाऊ’ म्हणतात. बारावी पास असेल तर महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,०००, पदवीधराला १०,०००. योजनेला नावं ठेवणाऱ्या बातम्या आम्ही भरपूर छापल्या, ठेवण्यासारखी होतीही. पण शिक्षण चालू असलेल्यांना त्यात जागा नाही, म्हणजे आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं तिथूनही बाहेर. सरकारने ठरवलेला तो आकडा बघून मी आमच्या हिशोब विभागात गेले होते. काम शिकणाऱ्या पदवीधराची किंमत राज्याने दहा हजार धरलीय, आपण निदान मेस आणि पासाचे तरी देऊया का, असं विचारलं. समोरच्या गृहस्थांनी फार सभ्यपणे सांगितलं, की इंटर्न हे हेडच नाही. ज्या गोष्टीला हिशोबाच्या वहीत रकाना नाही तिच्यावर खर्च दाखवता येत नाही. पुढच्या वर्षी बघू.

केडगावच्या मुलीचं नाव मी यादीत वर ठेवलं आणि निवासी संपादकांकडे जाऊन बसले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी विचार केला आणि मार्ग काढला: तिला वेब डेस्कला सकाळच्या पाळीत घेऊ. दुपारी सुटेल, गाडी मिळेल. मी आनंदाने तिला फोन केला. मग कामाचं स्वरूप सांगताना माझा आवाज थोडा खाली आला, कारण वेबच्या सकाळच्या पाळीत राशिभविष्य, सोन्याचे भाव आणि कुठल्या तरी नटीने विमानतळावर काय घातलं होतं, हे असतं. उसाची बिलं तिथे येत नाहीत. शहर, महापालिका, रात्रीचे छापे, पान लागताना होणारी भांडणं, ज्यासाठी ती येऊ पाहत होती ते सगळं संध्याकाळी सहानंतर घडतं. तिने सगळं ऐकून घेतलं. “चालेल मॅडम,” म्हणाली. या मुलांचं “चालेल” मला आताशा ऐकवत नाही. आता ती येते. सकाळी माझी पाळी नसते, त्यामुळे भेट कमी. परवा कॅन्टीनमध्ये दिसली, तर म्हणाली, सोन्याच्या भावाच्या बातमीला तिने स्वतःहून साखरेचा भाव जोडला होता, तो कुणीतरी काढून टाकला. मी म्हटलं, पुन्हा जोड.

केजच्या मित्राला त्याच रात्री फोन केला. आम्ही वर्षातून दोन-तीनदा बोलतो. तो आता तालुक्याला एका मोठ्या दैनिकाचं काम बघतो. पगार म्हणावा असा नाही, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, आमदारांचा वाढदिवस, सहकारी बँकेची वार्षिक सभा, या त्याच्या सुगी. ज्या चेअरमनच्या शुभेच्छांचं पान आणायचं, त्याच्याच कारखान्याच्या वजनकाट्याची बातमी कशी करायची, हा त्याच्या रोजच्या आयुष्यातला प्रश्न आहे आणि तो काही वेळा बातमी करतो, काही वेळा करत नाही. यावर त्याला उपदेश करायची माझी लायकी नाही. त्याने मागच्या वर्षी घर बांधलं. माझं पुण्यात अजून भाड्याचं आहे, मावशी गेली आणि फ्लॅट मुलाच्या नावावर झाला. म्हणजे आमच्या दोघांत नक्की कुणाचं काय हुकलं, हा हिशोब त्या टपरीवर वाटला होता तितका सरळ नाही.

मी त्याला केडगावच्या मुलीचं सगळं सांगितलं. मग इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. त्या उन्हाळ्यात महिन्याला चार-पाच हजार दिले असते, तर राहिला असतास?

“राहिलो असतो की,” तो लगेच म्हणाला. “दोन दिवस तर त्यांच्या फोनची वाट बघत बसलो होतो. वाटलं, यादीत एक नंबर आहे, काहीतरी जुळवून देतील.” पलीकडे कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं. “बरं, ते जाऊ दे. दिवाळी पुरवणीला तुमच्याकडं कमिशन किती टक्के चाललंय? आमचे लोक पंधराच्या वर सरकंनात.”